टॅपेटची टिकटिक: गेज ०.०८ दाखवत असतानाही आवाज का जात नव्हता

ओडोमीटर ४१,१८०

कार्ब्युरेटरची साफसफाई झाल्यापासून गाडीचे आयडलिंग स्थिर झाले आहे, आणि ते स्थिर झाल्यामुळेच, आधी सगळ्या थरथरीत मिसळून गेलेली एक बारीक, कोरडी टिकटिक आता वेगळी ऐकू येऊ लागली आहे. गाडी वीस वर्षांहून जुनी आहे. इंजिन एका सिलिंडरचे, हवेवर गार होणारे, चार स्ट्रोकचे असून वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा फिरता दांडा), इनटेक व एक्झॉस्ट असे दोन व्हॉल्व्ह आणि कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणाऱ्या रॉकरच्या टोकाला टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली फट, सेट करण्याचा स्क्रू अशी त्याची साधी रचना आहे. आवाज हेडकडून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाकडून, येतो, थ्रॉटल दिल्यावर त्याच प्रमाणात जलद होतो, आणि मुख्य म्हणजे इंजिन तापल्यावर कमी न होता उलट अधिक उठून दिसतो.

ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटली. पिस्टन सिलिंडरमध्ये सैल असल्याने होणारी टकटक गार इंजिनात मोठी असते आणि पिस्टन तापून फुगला की बहुधा विरते. सायलेन्सरचा बेंड पाइप हेडला जिथे मिळतो तिथले गॅस्केट फुंकत असेल, तर तोही आवाज हुबेहूब टॅपेटसारखा येतो, पण धातू तापून सांधा घट्ट बसला की तोही सहसा मंदावतो. माझा आवाज याच्या उलट वागत होता. ऑइल तापून पातळ झाले की ज्या दोन भागांमध्ये ते उशीसारखे काम करते, तिथली फट जास्त वाजते, म्हणून संशय वरच्या भागांवर गेला. ऑइलची पातळी आणि रंग दोन्ही ठीक होते, त्याला पेट्रोलचा वासही नव्हता.

एका गॅरेजमध्ये आवाज ऐकवला तेव्हा कॅमचेन, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून (क्रँक) कॅमला फिरवणारी साखळी, गेल्याचे निदान दोन मिनिटांत मिळाले. कॅमचेन सैल झाल्यावर येणारा आवाज माझ्या अनुभवात असा सुटा सुटा नसतो. तो घासल्यासारखा, सळसळता असतो, थ्रॉटल सोडताना त्याचा पोत बदलतो, आणि तो चेन ज्या बाजूने वर जाते त्या बाजूला जास्त ऐकू येतो. त्यामुळे हेड उघडण्याआधी स्वतः थोडे मोजायचे ठरवले.

ओडोमीटर ४१,१९५

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा पूर्ण होतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये एकदाच उघडतो, तर पिस्टन, कनेक्टिंग रॉड किंवा क्रँकचे बेअरिंग यांचा आवाज क्रँकच्या गतीशी बांधलेला असतो. आयडलिंगला हा फरक कानाने ओळखणे अवघड आहे, कारण सेकंदाला दहा आणि सेकंदाला वीस टिकटिकी दोन्ही कानाला सलगच वाटतात. म्हणून फोन हेडपासून हातभर अंतरावर ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि त्याची लहर पडद्यावर ताणून पाहिली. तीन सेकंदांच्या तुकड्यात उंच टोके मोजली तर ती ३२ भरली. याचा अर्थ मिनिटाला ६४०, आणि ती कॅमची गती धरली तर क्रँक १,२८० फेऱ्यांवर असायला हवा. टॅकोमीटरचा काटा १,३०० च्या किंचित खाली होता. आवाज क्रँकचा असता तर तीच टोके ६४ च्या आसपास मिळाली असती. खालचे बेअरिंग शाबूत असल्याचा एवढा दिलासा इंजिन न उघडता मिळतो, म्हणून ही दहा मिनिटांची मोजणी प्रत्येकाने आधी करावी असे मी आग्रहाने सांगेन.

मात्र या मोजणीतून गॅस्केटची गळती सुटत नाही, कारण एक्झॉस्टचा झोतही दोन फेऱ्यांतून एकदाच येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गार असताना बेंड पाइपच्या सांध्याभोवती साबणाचे पाणी लावून गाडी सुरू केली. एकही बुडबुडा आला नाही, आणि सांध्याभोवती काजळीची रेघही नव्हती. प्लगच्या कॅपमधून ठिणगी हेडवर उडत असेल तर तीही टिकटिकते, त्यामुळे अंधारात गाडी सुरू करून तेही पाहिले. काही चमकले नाही.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि टोक इंजिनाच्या एकेका भागावर ठेवायचे, एवढीच ही पद्धत आहे; सैल बाही आणि तापलेला पाइप यांची काळजी मात्र घ्यावी लागते. सिलिंडरच्या मधल्या भागावर नुसती गुरगुर ऐकू आली. चेनच्या बाजूला बारीक, एकसारखा सरसर आवाज होता, जो निरोगी चेनचा असतो. इनटेकच्या टॅपेट कव्हरवर मऊ टिकटिक होती, आणि एक्झॉस्टच्या कव्हरवर टोक ठेवताच कोणी नखाने पत्र्यावर ठोकावे तसा कडक आवाज थेट हाडात उतरला. जागा सापडली होती.

ओडोमीटर ४१,१९५, दुसरी सकाळ

रात्रभर गार झालेल्या इंजिनाची दोन्ही टॅपेट कव्हरे काढली, प्लग काढला आणि क्रँक त्याच्या चालण्याच्या दिशेने फिरवत मॅग्नेट कव्हरच्या खिडकीत पिस्टन सगळ्यात वर असल्याची ‘टी’ची खूण आणली. येथे एक चूक वारंवार होते. ही खूण दोनदा येते, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलत असतील तरच जागा योग्य आहे. ते ताठ असतील तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा लागतो.

माझ्या इंजिनाला एक्झॉस्टसाठी ०.०८ मिमी फट सांगितली आहे. प्रत्यक्षात फीलर गेजमधली (फट मोजायच्या ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांतली) ०.१० ची पट्टी थोड्या ओढीने गेली. ती कमी करून ०.०८ केली, लॉकनट आवळल्यावर पुन्हा तपासली, कारण नट आवळताना स्क्रू आट्यांच्या सैलपणाइतका वर ओढला जातो आणि फट बदलते. इनटेक बरोबर होता. कव्हरे लावली, गाडी सुरू केली, आणि टिकटिक जशीच्या तशी होती.

मी खरोखर निराश झालो. अशा वेळी फट आणखी कमी करून आवाज दाबून टाकण्याचा मोह होतो, आणि त्याला कधीही बळी पडू नये असे मला मनापासून वाटते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत्या वायूंच्या झोतात राहतो आणि त्याची बरीचशी उष्णता तो बंद असताना सीटला (हेडमधल्या त्याच्या बैठकीला) टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. फट अपुरी असेल तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही, उष्णतेला वाट मिळत नाही, कडा जळते आणि कॉम्प्रेशन जाते. हे सगळे शांतपणे घडते. टिकटिकणारा व्हॉल्व्ह निदान आपल्याला सांगत तरी असतो.

ओडोमीटर ४१,२०२

चार दिवस विचार केल्यावर एक गोष्ट आठवली. पट्टी आत सरकवताना तिची ओढ एकसारखी नव्हती. सरळ ढकलली तर ती अडत होती, पण किंचित तिरकी धरली तर सुटत होती. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये असे होऊ नये.

पुन्हा उघडले. गेजने ०.०८ मिळत असल्याची खात्री केली, पट्टी बाजूला ठेवली, लॉकनट सैल केला आणि स्क्रूच्या खाचेपाशी मार्करने रेघ ओढली. मग कोणतीही पट्टी न घालता, स्क्रू व्हॉल्व्हच्या दांडीला अगदी हलका टेकेपर्यंत आत फिरवला. रेघ जवळजवळ पाव फेरा फिरली.

स्क्रू पूर्ण बाहेर काढला. त्याच्या दहा आट्यांची लांबी व्हर्नियरने ७.५ मिमी भरली, म्हणजे एका फेऱ्यात तो ०.७५ मिमी सरकतो आणि पाव फेऱ्यात सुमारे ०.१९ मिमी. लॉकनट सैल करताना पडणारा फरक धरला तरी, जिथे गेज ०.०८ सांगत होते तिथे खरी फट त्याच्या दुपटीहून जास्त होती.

टोक कापडाने पुसून उजेडात धरले आणि सगळे उलगडले. या इंजिनात स्क्रूचे टोक व्हॉल्व्हच्या दांडीपेक्षा रुंद आहे, आणि त्याच्या बरोबर मध्ये दांडीच्या मापाची एक गोल, उथळ वाटी पडली होती. वाटीचा तळ आरशासारखा चकचकीत होता, तिच्या भोवतीची कड मूळच्या राखाडी रंगाची होती, आणि त्या कडेवरून नख फिरवले की ते स्पष्ट अडत होते. फीलर गेजची पट्टी रुंद असते. ती त्या वाटीत उतरू शकत नाही, कडेवरच पुलासारखी टेकते आणि कडेपासूनची फट मोजते. व्हॉल्व्हची दांडी मात्र वाटीच्या तळाला जाऊन आदळते. गेज खोटे नव्हते. ते जी फट मोजत होते ती व्हॉल्व्हच्या अनुभवातली फट नव्हती.

एवढी झीज कशी होते याचा अंदाज बांधायला आकडे पुरेसे आहेत. माझी गाडी ताशी ५० किलोमीटरला सुमारे ५,००० फेऱ्यांवर चालते, म्हणजे एका किलोमीटरला क्रँकचे ६,००० फेरे आणि व्हॉल्व्हचे ३,००० ठोके. ४०,००० किलोमीटरमध्ये हे ठोके बारा कोटींवर जातात. स्क्रूच्या टोकाचा कडक थर एकदा झिजला की आतला मऊ पोलाद फार काळ टिकत नाही.

दांडीचे टोक भिंगातून पाहिले. ते सपाट होते आणि कडेला फुगलेले नव्हते, ही सुदैवाची गोष्ट, कारण तिथे खड्डा असता तर हेड उतरवणे भाग पडले असते. रॉकरचा कॅमवर घासणारा भाग आणि कॅमची चोच (त्याचा फुगीर भाग) यांवर ओरखडे नव्हते. हेडपर्यंत ऑइल नीट पोचते आहे हेही पाहिले. इनटेकच्या स्क्रूवर नखाला न लागणारे एक फिकट वर्तुळ दिसत होते. तो अजून काही काळ चालला असता, पण हेच काम पुन्हा करण्यापेक्षा दोन्ही बदलायचे ठरवले.

ओडोमीटर ४१,२०२, नवे स्क्रू बसवल्यावर

या वेळी फट दोन्ही पद्धतींनी ठरवली. आधी स्क्रू टेकेपर्यंत आत घेतला आणि मग ०.०८ भागिले ०.७५ या हिशेबाने सुमारे ३८ अंश मागे फिरवला; कागदाचा कोनमापक कापून रॉकरवर चिकटवल्याने हे सोपे गेले. त्यानंतर नट आवळून गेज घातले, तर ०.०८ ची पट्टी हलक्या, एकसारख्या ओढीने गेली आणि ०.१० ची अजिबात शिरली नाही. टोक सपाट असले की दोन्ही पद्धती एकच उत्तर देतात, आणि त्या वेगळी उत्तरे देऊ लागल्या की स्क्रू काढून बघावा.

इंजिन सुरू केले आणि वीस मिनिटे तापू दिले. फोन पुन्हा त्याच अंतरावर ठेवला. लहरीत टोके अजून आहेत, कारण फट असलेल्या टॅपेटचा थोडा आवाज असायलाच हवा, पण ती आता बाकीच्या आवाजाच्या जेमतेम वर येतात आणि इनटेक व एक्झॉस्टच्या कव्हरवर स्क्रू ड्रायव्हर ठेवला तर दोन्हीकडे सारखीच मऊ टिकटिक ऐकू येते.

ओडोमीटर ४१,६१०

नवे भाग एकमेकांवर बसताना फट बदलते का हे पाहण्यासाठी गार इंजिनावर पुन्हा मोजले. इनटेक जसाच्या तसा आहे. एक्झॉस्टला ०.०८ ची पट्टी आधीपेक्षा किंचित सैल जाते, पण ०.१० ची अजूनही शिरत नाही, म्हणून स्क्रूला हात लावला नाही. पुढची मोजणी ४२,६०० ला करायची आहे, आणि त्या वेळी गेजआधी स्क्रू टेकवून अंश मोजणार आहे.