झेंकरची पिशवी आणि अर्धवट विरघळलेल्या गोळ्या

'वर आलेलं अन्न आंबट लागतं का?' या एका प्रश्नावर निदान जवळजवळ झालंच होतं: झेंकरची पिशवी, म्हणजे घशाच्या तळाशी मागच्या बाजूला अस्तर बाहेर फुगून झालेला कप्पा, ज्यात अन्न अडकून राहतं. आजोबा म्हणाले, 'छे, जसं खाल्लं तसंच. सकाळचा भात संध्याकाळी तोंडात येतो.' जे जठरात गेलंच नाही ते आंबट होणार कसं? तरी महिनोन्‌महिने त्यांना अ‍ॅसिडिटीची औषधं चालू होती. दोनदा न्यूमोनिया झाला, रात्री आडवं होताच ठसका, वजन उतरलेलं. फाइलमध्ये छातीचे सीटीसुद्धा होते, पण बेरियम गिळवून काढलेला साधा एक्स-रे नव्हता. स्वस्तातली तपासणी म्हणून ती मागे पडते, याचा मला मनापासून राग येतो. आधी कुणी दुर्बीण घालून पाहिली होती. ती गळ्यात अडल्यावर त्या डॉक्टरांनी जोर लावला नाही, हे फार चांगलं केलं. या पिशवीच्या भिंतीत स्नायूचा थर जवळजवळ नसतो. रेटलं की आरपार.

बाजूने काढलेल्या बेरियममध्ये अन्ननलिकेच्या मागे चार सेंटिमीटरची पिशवी स्पष्ट दिसली. घशाच्या तळाशी क्रायकोफॅरिंजियस हा आडवा स्नायू असतो. गिळताना तो पुरेसा सैल पडला नाही, की वरचा दाब त्याच्या लगेच वर असलेल्या कमकुवत जागेतून, म्हणजे किलियनच्या त्रिकोणातून, आतलं अस्तर बाहेर ढकलतो. म्हणून उपचार पिशवीवर नाही, पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीवर करायचा. तो स्नायू त्या भिंतीतच असतो.

खरी धास्ती भूल देताना. उपाशी ठेवलं तरी पिशवी रिकामी होत नाही, म्हणून आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ. डोकं वर ठेवून भूल, आणि क्रायकॉइडवर, म्हणजे गळ्यातल्या कूर्चेच्या कड्यावर, सवयीने दिला जाणारा दाब नाही. त्याने पिशवीच पिळली जाऊन सगळं श्वासनलिकेच्या तोंडाशी येऊ शकतं. आमच्या भूलतज्ज्ञांनी हे न सांगता ओळखलं. वॉर्डसाठी मात्र केसपेपरवर लाल अक्षरांत लिहावं लागलं: राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) अंदाजाने घालू नये.

दुर्बिणीने पिशवी धुतली तेव्हा भाताच्या शितांबरोबर दोन अर्धवट विरघळलेल्या गोळ्या निघाल्या. रक्तदाब आवरत नाही म्हणून डोस वाढवलेल्या त्याच गोळ्या. शस्त्रक्रियेनंतर त्या खरोखर पोटात पोचू लागणार, म्हणून फिजिशियनना त्याच दिवशी कळवलं: आता दाब एकदम उतरू शकतो, डोस पुन्हा पाहा.

पुढचं काम बोगद्याचं, म्हणजे झेड-पोएम: अस्तराखालून बोगदा करत जाऊन दुर्बिणीनेच तो स्नायू कापायचा. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी, फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड, अन्ननलिकेत आधी गाइडवायर, म्हणजे वाट दाखवणारी बारीक तार. भिंतीच्या माथ्यावर सलाइन आणि मेथिलीन ब्लू हा निळा रंग टोचून अस्तर फुगवलं, दीड-दोन सेंटिमीटरचा छेद घेतला आणि स्नायूच्या दोन्ही बाजूंनी निळा थर सोडवत खाली गेलो. मग मधोमध उरतो तो आडव्या तंतूंचा पांढुरका पट्टा. नुसती भिंत कापण्याच्या पद्धतीत खालचं टोक नीट दिसत नाही. छातीच्या पोकळीत शिरण्याच्या भीतीने हात लवकर थांबतो, थोडा स्नायू उरतो आणि त्रास परततो. बोगद्यात शेवटचा तंतू डोळ्यांसमोर सुटतो. पिशवीच्या तळापर्यंत आणि त्याखाली अन्ननलिकेच्या स्नायूवर आणखी सेंटिमीटरभर कापलं. दिसणारी रक्तवाहिनी आधी जाळायची, मग कापायची; इथे रक्त सांडलं की थर ओळखू येत नाहीत. शेवटी छेद क्लिपांनी बंद केला. मानेवर बोटाखाली थोडी करकर लागत होती, ती वायूची. दुसऱ्या दिवशी ती गेली. एक्स-रेत दिसणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या द्रवाने (कॉन्ट्रास्ट) गळती नसल्याची खात्री केली, मग पातळ आणि पुढे मऊ आहार.

एक निर्णय अजून डोक्यात घोळतो. स्नायू पूर्ण कापला तरी वरचं अस्तर शाबूत राहतं, आणि मोठ्या पिशवीत ते पडद्यासारखं उभं राहून घास अडवू शकतं. म्हणून काहीजण अस्तरही कापतात; पण मग बोगद्याचं संरक्षण जातं. चार सेंटिमीटरला मी अस्तर राखलं. पिशवी आणखी मोठी असती तर कापलं असतं, पण ती रेघ नेमकी कुठे ओढायची, यावर आमच्यात एकमत नाही. आजोबा आता भाकरी खातात. पुढचा बेरियम अजून व्हायचा आहे.