हीटेड सीट बंद पडली होती ते बरंच झालं म्हणायचं

नेरूळला शिरवणे एमआयडीसीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम चालतं. नवी मुंबईत सीट गरम होत नाही अशी कंप्लेंट घेऊन सहसा कोणी येत नाही, इथे सगळे एसी कुलिंग करत नाही म्हणून येतात. त्यामुळे सीवूड्सचे एक काका त्यांच्या मुलीला घेऊन आले आणि म्हणाले की ड्रायव्हर सीटचा शेक बंद झालाय, तेव्हा आधी कारणच विचारलं. काका रिटायर्ड, मणक्याचं ऑपरेशन झालेलं, शुगर आहे, डॉक्टरांनी कमरेला शेक घ्यायला सांगितलाय. गाडी जर्मन सेडान, सेकंडहँड, मूळची चंदीगडची, म्हणून तिला हीटेड सीट. आठवड्यातून दोनतीनदा अटल सेतूवरून मुलीकडे दादरला जातात आणि जाताना येताना शेक चालू. एका वर्कशॉपने त्यांना सांगितलेलं की अख्खी सीट बदलावी लागेल, आकडा लाखाच्या वरचा.

बटण दाबलं तर तिन्ही लाइट लागायचे आणि थोड्या वेळात आपोआप विझायचे. फ्यूज ओके. गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला तर दोन कोड निघाले. एक आत्ताचा, ड्रायव्हर सीट हीटर ओपन सर्किट, म्हणजे तार कुठेतरी तुटलेली. दुसरा जुना, मेमरीत पडून राहिलेला, सीट टेंपरेचर सेन्सरचं सर्किट तुटल्याचा. मला हा दुसरा खटकला, कारण सेन्सर तुटला तर मॉड्यूल, म्हणजे सीटचा शेक कंट्रोल करणारा इलेक्ट्रॉनिक डबा, सीट गरम करायलाच नकार देतं, ती त्याची सेफ्टी आहे, मग मधल्या काळात सीट चालत कशी होती? काकांना विचारलं, आधी कोणी हात लावला होता का. म्हणाले, "हो, पावसाळ्यानंतर बंद पडली होती, एकाने अर्ध्या तासात चालू करून दिली. त्यानंतर तर आधीपेक्षा मस्त तापायची."

आधीपेक्षा मस्त तापायची, हे ऐकल्यावर मी हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं. रिपेअर झालेली हीटेड सीट पूर्वीएवढीच तापली पाहिजे, त्यापेक्षा जास्त तापत असेल तर काहीतरी गडबड आहेच.

सीट काढायच्या आधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि थोडा वेळ तसाच थांबलो, कारण सीटखालचा पिवळा कनेक्टर साइड एअरबॅगचा असतो आणि त्याच्याशी घाई करायची नसते, आमच्या पोरालाही पहिल्या दिवसापासून हेच सांगतो. बोल्ट काढून सीट मागे कलंडवली. हीटरच्या कनेक्टरवर मीटर लावला, पाठीचं तापणारं पॅड दीड ओहमच्या जवळपास, म्हणजे ठीक. बसायच्या गादीचं पॅड ओपन. दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एक तुटलं की दोन्ही गार.

मग वायरिंग बघत गेलो तर कनेक्टरच्या अलीकडे काळ्या टेपचा एक जाड गोळा. टेप सोडली तर सेन्सरच्या दोन्ही वायरी कापलेल्या आणि मॉड्यूलच्या बाजूला एक साधा रेझिस्टर, म्हणजे करंटला ठरावीक अडथळा देणारा छोटा पार्ट, पिळून लावलेला, सोल्डरसुद्धा नाही. पट्ट्यांचे रंग तपकिरी, काळा, केशरी. दहा हजार ओहम.

आता हे का भयंकर आहे ते सांगतो. सीटमधला सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, टेंपरेचर वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. 25 डिग्रीला दहा हजार ओहम, 40 ला गेला की साधारण साडेपाच हजारांच्या आत येतो, आणि ते बघून मॉड्यूल करंट तोडतं. त्याच्या जागी कायमचा दहा हजारचा रेझिस्टर बसवला की मॉड्यूलला सीट कायम 25 डिग्रीवरच दिसणार, मग ते तापवतच राहणार, वर माणूस बसलाय, त्याला चटका बसतोय, हे मॉड्यूलला काही कळणार नाही. निखारा हातात देऊन वर डोळे बांधण्यातला प्रकार.

गादीचं कव्हर उघडलं. कव्हर फोमला धरून ठेवणाऱ्या लोखंडी रिंगा एकेक कापत मागच्या काठापर्यंत आलो आणि डाव्या मांडीखाली येते त्या जागी पॅड जळलेलं दिसलं. रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग, भोवती फोम तपकिरी आणि इतका कडक की नखाने टोकरला तर चुरा पडला. हीटरची तार तिथेच वितळून तुटलेली. तार तुटली म्हणूनच शेक बंद झाला, नाहीतर पुढे काय झालं असतं याचा विचार करून मला खरंच घाम फुटला.

मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, काकांच्या मांडीवर मागे काही डाग वगैरे आहे का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "दादा, जाळीसारखे तपकिरी डाग आहेत, आम्हाला वाटलं औषधांमुळे असेल." काकांना शुगरमुळे आणि मणक्यामुळे पायाला नीट संवेदनाच नाही, चटका लागत होता पण कळतच नव्हता. तिला म्हटलं आजच स्किनच्या डॉक्टरांना दाखवा आणि हीटेड सीटचं आवर्जून सांगा. संध्याकाळी तिचा फोन आला, डॉक्टरांनी तेच सांगितलेलं, वारंवार शेक लागून पडलेले डाग, उष्णता पूर्ण बंद ठेवा.

रात्री याबद्दल वाचत बसलो. 44 डिग्रीला कातडी सहा तास राहिली तर भाजते, हे 1947 सालच्या प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि टेंपरेचर जसजसं वाढतं तसा हा वेळ झपाट्याने कमी होतो. अमेरिकेत 2011 मध्ये डॉक्टर आणि सेफ्टीवाल्यांनी तिथल्या सरकारी यंत्रणेकडे हीटेड सीटच्या कमाल तापमानाला मर्यादा घाला अशी मागणी केली होती, आणि त्यात मुद्दा हाच, ज्यांच्या अंगाला संवेदना नाही ते भाजतात आणि त्यांना कळत नाही. म्हणजे ज्याला शेकाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच धोका सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी कापून टाकलेल्या सेन्सरवर मीटर लावला. शॉपमध्ये तिशीचं टेंपरेचर, मीटरवर आठ हजारच्या आसपास. सेन्सर मुठीत धरला, आकडा हळूहळू उतरत सात हजारांच्या खाली गेला. सोडला, परत वर. म्हणजे सेन्सर चांगला होता! मुळात तो कधी बिघडलाच नव्हता. बिघडलं होतं ते कनेक्टरमध्ये, सेन्सरच्या एका पिनवर हिरवा गंज चढून ती आतून खाल्ली गेली होती, आणि सेन्सरच्या सर्किटला करंट अगदी किरकोळ असतो, तेवढा गंजही त्याला आडवा येतो. खालचं कार्पेट दाबलं तर अजून ओलसर. सनरूफच्या ड्रेन पाइपमध्ये पानांचा आणि मातीचा लगदा बसलेला, पावसाचं पाणी छताच्या पिलरमधून, म्हणजे खांबातून, उतरून थेट सीटखाली. एक पिन आणि एक पाइप साफ करायचा कंटाळा केला, म्हणून एका माणसाची कातडी भाजली, याचा मला मनापासून राग आला.

जळलेली तार मी जोडत नाही, जोड दिलेल्या जागी परत गरम स्पॉट तयार होतो. नुसतं गादीचं पॅड मागवलं, ते सेन्सरसकट आलं, अख्खी सीट बदलायची काहीच गरज नव्हती. जळलेला फोम कापून त्याच घनतेचा तुकडा बसवला, रेझिस्टर काढून टाकला, कनेक्टरच्या पिना नव्या क्रिंप केल्या, त्यावर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, ड्रेन हवेने मोकळा केला, कार्पेट उचलून फॅनखाली सुकवलं. मग इंजिन चालू ठेवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, साडेपाच अँपियर, म्हणजे पाऊणशे वॉटच्या आसपास. मी स्वतः सीटवर बसून राहिलो, मधेमधे उठून टेंपरेचर गनने बघत होतो, चाळिशीच्या आसपास गेलं आणि क्लॅम्पवरचा आकडा शून्यावर आला. थोड्या वेळाने परत करंट, परत बंद. स्कॅनरवर दोन्ही कोड गेले.

गाडी न्यायला आले तेव्हा काकांना रेझिस्टर हातात दिला आणि सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे मी आता शेक घ्यायचाच नाही का रे?" म्हटलं काका, ते डॉक्टर सांगतील, त्यांनी हो म्हटलं तरच, तेही सगळ्यात कमी लेव्हलला, आणि दादर येईपर्यंत नाही, दहा मिनिटांनी बंद. मुलीने तिथेच मोबाइलवर अलार्म लावून दिला. आणि दर मे महिन्यात पावसाच्या आधी ड्रेन साफ करायला गाडी माझ्याकडे आणायची, हे ठरवूनच ते निघाले.