गौरी, गौतम आणि वाढलेलं कुटुंब

‘मुंबई-पुणे-मुंबई’ या मराठी सिनेमाचे तिन्ही भाग ओळीने पाहिले. २०१०, २०१५ आणि २०१८. तिन्हींत दिग्दर्शक सतीश राजवाडे, नायक-नायिका गौतम आणि गौरी म्हणजे स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. तरी अभिनयाची जात बदलत गेलेली दिसते.

पहिल्या भागात पटकथेने दोघांना जवळपास काहीच दिलेलं नाही. एक दिवस, पुणं आणि अखंड बोलणं. स्थळाला नकार द्यायला आलेली मुंबईकर मुलगी आणि हाताशी वेळ असलेला पुणेकर. स्वप्नील वाक्य फेकतो, लगेच दुसरं तयार ठेवतो. लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर वाढल्याची सहजता त्यात आहे. मुक्ता मात्र पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशिक्षण घेतलेली, रंगभूमीवर मुरलेली. ती ऐकते! तो बोलत असताना तिच्या चेहऱ्यावर आधी वैताग, मग नाइलाजाने कुतूहल उमटतं. मला तर तिचं ऐकणं हाच त्या सिनेमाचा कणा वाटतो.

दुसऱ्या भागात लग्न ठरतं, घरं येतात, प्रशांत दामलेंसारखा टायमिंगचा बादशहा येतो. प्रसंग तुकड्यांत विभागले जातात आणि स्वप्नीलला समजूतदार नवरदेव व्हावं लागतं. त्याचा खट्याळपणा मला फार जाणवला नाही. गौरीची घालमेल मात्र लिहिलेली आहे, म्हणून मुक्ताला खेळायला जागा मिळते.

तिसऱ्यात बाळाची चाहूल आणि भावनांचा भर. तिथेही मला आवडतात ते दोघंच खोलीत असतानाचे प्रसंग. लेखकांनी ते आणखी लांबू द्यायला हवे होते.