फुफ्फुसांचा सीटी आणि अर्धवट श्वास

फुफ्फुसांचा एचआरसीटी (बारीक स्लाइसचा सीटी स्कॅन) अंधुक आला की पहिला संशय मशीनवर जातो. पण दोष बहुतेकदा श्वासात असतो. अर्ध्या श्वासावर स्कॅन झाला तर पाठीकडच्या भागात करडी झाक उतरते, ती हुबेहूब ग्राउंड ग्लाससारखी (आजारात दिसणाऱ्या धुरकट डागासारखी) दिसते आणि नसलेला आजार रिपोर्टात शिरतो. खूण श्वासनलिकेत सापडते: पूर्ण श्वासात ती गोलसर असते, श्वास सुटला की तिची मागची भिंत आत झुकते. फिशरची (फुफ्फुसाच्या दोन खंडांमधल्या फटीची) रेघ दुहेरी दिसली, तर स्कॅन चालू असताना हालचाल झाली आहे.

म्हणून रुग्णाला गँट्रीत (मशीनच्या गोल पोकळीत) घेण्याआधी सराव करून घ्याच. नुसतं "श्वास घ्या" म्हटलं की माणूस थोडीशी हवा घेतो नि थांबतो. "दोनदा मोठा श्वास घेऊन सोडा, आता छाती भरून घ्या, तोंड मिटा, तसेच थांबा" असं सांगावं, आणि छाती खरंच वर येते का ते बघावं. मशीनमधली सूचना इंग्रजीत असेल तर गावाकडच्या आजीला ती ऐकू येऊनही उपयोग नाही. मराठीत रेकॉर्ड करून घाला. धाप लागलेल्याचा स्कॅन खालून वर घ्यावा. डायफ्रामजवळ (छाती आणि पोटामधल्या पडद्याजवळ) हालचाल सर्वांत जास्त असते, तो भाग दम टिकून असतानाच उरकतो. रोटेशन, म्हणजे एक्स-रे ट्यूबचा एक फेरा, 0.5 सेकंद किंवा त्याहून कमी ठेवावं.

हात डोक्यावर, मंगळसूत्र-ताईत बाजूला. टेबलाची उंची मात्र नीट लावा. ट्यूब वर ठेवून स्काउट (स्कॅनआधीचं आखणीचं चित्र) काढला आणि रुग्ण गँट्रीच्या मध्यापेक्षा खाली राहिला, तर तो स्काउटवर बारीक दिसतो, ऑटो-एमए (अंगकाठीनुसार ट्यूबचा करंट आपोआप ठरवणारी सोय) करंट कमी देतो आणि नॉईज (चित्रातला दाणेदारपणा) वाढतो.

5 मिमीची स्लाइस 1.25 मिमी केली की नॉईज दुप्पट होतो. चित्राचा करडेपणा ठरवणाऱ्या विंडो 1500, लेव्हल उणे 600 वर तो बराचसा खपतो, कारण हवा आणि रक्तवाहिनी यांच्यातला फरकच मोठा असतो. नॉईज घालवायला इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (चित्र पुन्हा पुन्हा सुधारत नॉईज कमी करणारी पद्धत) शेवटच्या पायरीवर नेऊ नये. बारीक सेप्टा (फुफ्फुसातले पातळ पडदे) पुसट होऊन चित्र प्लास्टिकसारखं गुळगुळीत दिसतं. एफओव्ही (चित्रात घेतलेल्या भागाची रुंदी) फुफ्फुसांपुरताच घ्यावा: 512 मॅट्रिक्समध्ये 500 मिमीला पिक्सेल 0.98 मिमीचा, 350 ला 0.68 चा.

एम्फिसीमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या नष्ट होणं) उणे 950 एचयूवर (एचयू हे सीटीतलं घनतेचं एकक) मोजायचा असेल तर शार्प कर्नल (कडा ठळक करणारं फिल्टर) चालत नाही, त्याच्या नॉईजमुळे आकडा फुगतो. त्यासाठी सॉफ्ट कर्नलची वेगळी सिरीज लागते, आणि ती रॉ डेटा (स्कॅनची मूळ मोजणी) कन्सोलवरून पुसला जाण्याआधीच काढावी लागते.