कोदामा थांबते तेव्हा

टोकियोहून क्योटो-ओसाकाकडे कसे जावे, असे मी ज्यांना ज्यांना विचारले त्या सर्वांनी एकच उत्तर दिले: नोझोमी ही सर्वांत वेगवान बुलेट ट्रेन घ्या, दुसरा विचारच करू नका. मी मात्र दुसरा विचार पुष्कळ केला, कारण या वेळी माझ्यासोबत सदुसष्ट वर्षांची आई होती आणि तिच्या आयुष्यातला हा पहिलाच परदेशप्रवास होता.

रात्रीची बस सर्वांत स्वस्त पडते. आठ-नऊ तासांत ती ओसाकाला पोहोचवते आणि एका रात्रीचे हॉटेलही वाचते. नोकरीला नुकतीच लागले होते तेव्हा मी तिने गेले होते आणि पुढचा संपूर्ण दिवस आखडलेल्या मानेने काढला होता, त्यामुळे आईसाठी तो पर्याय मी आधीच बाजूला सारला. टोकियोच्या हानेदा विमानतळापासून ओसाकाच्या इतामी विमानतळापर्यंतचे विमान तासा-सव्वा तासाचे. पण दोन्ही टोकांचे जाणे-येणे, तपासणी आणि थांबणे धरले की रेल्वेच्या पुढे वेळेची काहीच बचत उरत नाही. परदेशी पर्यटकांचा सात दिवसांचा रेल्वे पास घेण्याचा सल्ला अजून अनेक जण देतात. तो पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनांवरून एकदम 50,000 येनांवर गेला, आणि नोझोमीने बसायचे तर त्यावर वेगळे पैसे भरावे लागतात. एवढ्या एका जाण्या-येण्यासाठी तो घेण्यात आता काही अर्थ नाही. शेवटी मीही सर्वांसारखी नोझोमीचीच आरक्षणे केली.

त्या आरक्षणात माझी एक चूक झाली आणि तिची रुखरुख मला अजून आहे. शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन आसने असतात. आई, माझे यजमान आणि मी असे आम्ही तिघे होतो, म्हणून मी सोयीने तीन आसनांची ओळ घेतली. फुजी पर्वत दिसतो तो दोन आसनांच्या बाजूने, ई क्रमांकाच्या खिडकीतून. टोकियो सोडल्यावर पाऊण तासाने पलीकडच्या खिडक्यांशी सगळे फोन एकदम वर झाले. आईला त्या फोनांच्या आणि डोक्यांच्या मधून पांढरे काहीतरी क्षणभर दिसले. ती म्हणाली, ‘‘दिसला गं, दिसला.’’ तिला नीट दिसला नव्हता हे मला तिच्या आवाजावरून कळले. सव्वादोन तासांत क्योटो आले. गाडी ताशी 285 किलोमीटरपर्यंत जाते, हलत नाही, आवाज करत नाही आणि मिनिटाचाही उशीर करत नाही. तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. तरीही आईने उतरताना विचारले, ‘‘मधे गावे कोणती लागली?’’ आणि नागोयाखेरीज मला एकही नाव सांगता आले नाही.

क्योटोचे चार दिवस आणि ओसाकाचा एक दिवस देवळे, पाऊस आणि असह्य गर्दी यांत गेले.

परतताना माझे यजमान कामासाठी ओसाकातच राहिले आणि आम्ही दोघीच उरलो. मोठ्या बॅगा मी घरपोच सामानसेवेने आदल्या दिवशीच टोकियोच्या हॉटेलवर पाठवल्या होत्या, म्हणून हात मोकळे होते. तेव्हा मी कोदामाची तिकिटे काढली. या मार्गावर तीन प्रकारच्या गाड्या धावतात: नोझोमी म्हणजे आशा, हिकारी म्हणजे प्रकाश आणि कोदामा म्हणजे प्रतिध्वनी. कोदामा शिन-ओसाका ते टोकियो या 515 किलोमीटरांत सर्वच्या सर्व 17 स्थानकांवर थांबते आणि नोझोमीला जिथे अडीच तास लागतात तिथे ती जवळपास चार तास घेते. आदल्या दिवसापर्यंत घेतले तर तिचे सवलतीचे तिकीट मिळते. एरवी साडेचौदा हजार येनांच्या आसपास जाणारे भाडे त्यात बरेच खाली येते आणि सोबत एका पेयाचे कूपनही मिळते. मात्र गाडी बदलता येत नाही. या वेळी डी आणि ई ही दोनच आसने होती, आणि ई अर्थातच आईची.

गिफू-हाशिमाला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. बाहेर शेते होती, फलाटावर कोणी नव्हते. दोन मिनिटे गेली, तीन गेली. अचानक आमचा उभा डबा एका बाजूला ढकलल्यासारखा हलला, मधल्या रुळांवरून पांढरे काहीतरी सरसरत गेले आणि चार-पाच सेकंदांत पुन्हा शांतता झाली. सोळा डब्यांची नोझोमी आम्हाला मागे टाकून गेली होती. आई दचकली, मग तिचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे आपल्याला साइडला टाकलं होतं,’’ ती म्हणाली. पुण्या-मुंबईच्या पॅसेंजरने वाढलेल्या माणसाला या पद्धतीची ओळख करून द्यावी लागत नाही. जगातल्या पहिल्या अतिवेगवान रेल्वेमार्गावरही एक गाडी दुसरीसाठी बाजूला उभी राहते, याचा तिला फार आनंद झाला.

नागोया सुटल्यावर आम्ही ओनिगिरी खाल्ल्या. कोदामात खाद्यपदार्थ विकणारे कोणी येत नाही, आणि स्थानकावर मिळणाऱ्या जेवणाच्या डब्यांत आईला चालेल असे मला काही सापडले नव्हते, म्हणून आंबट उमेबोशी (खारवलेले जपानी फळ) भरलेले भाताचे गोळे आणि घरून आणलेला चिवडा एवढेच आमचे जेवण होते. तोयोहाशीला गाडी पुन्हा थांबली. फलाटावर समोरच पेयांचे यंत्र दिसले आणि मी चहा आणायला उठले, तर आईने माझी बाही घट्ट धरली. ‘‘उतरू नकोस, गाडी सुटेल.’’ पाच मिनिटे आहेत, वेळापत्रकात लिहिलेले आहे, असे मी तिला सांगितले. तिने हात सोडला नाही. नोझोमी डबा हलवून निघून गेली, दारे लागली, आणि मग आईने मला पूर्वी कधीही न सांगितलेली गोष्ट सांगितली.

ती सात वर्षांची होती. म्हणजे ते साल 1964. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला हा शिंकान्सेनचा मार्ग सुरू झाला. मुंबईहून पुण्याला येताना घाट चढण्यासाठी कर्जतला मागून इंजिन लावतात, त्यासाठी गाडी थांबली होती. आजोबा वडे आणायला उतरले आणि ते परतण्याआधी गाडी निघाली. डबे तेव्हा आतून जोडलेले नसत. आजी धाकट्या मामाला कडेवर घेऊन दाराशी उभी राहिली आणि आई संपूर्ण घाटभर, प्रत्येक बोगद्यात, मोठ्याने रडत होती. लोणावळ्याला आजोबा फलाटावरून चालत आले. ते धावत शेवटचा डबा गाठून चढले होते आणि त्यांच्या हातातली वड्यांची पुडी गार झाली होती. ‘‘मी ते वडे खाल्ले नाहीत,’’ आई म्हणाली. ‘‘आणि ते मला काही बोलले नाहीत.’’ आजोबांना जाऊन तीस वर्षे झाली. बाहेर हामाना सरोवराचे पाणी आले आणि गेले, आम्ही दोघीही गप्प होतो.

काकेगावाच्या आसपास चहाचे मळे दिसले. शिझुओकाला हातात केवळ ऑफिसची बॅग असलेली माणसे चढली आणि मिशिमाला उतरली. त्यांच्यासाठी ही गाडी म्हणजे रोजचीच ये-जा होती. मुंबई-अहमदाबाद हा 508 किलोमीटरांचा मार्ग याच तंत्रज्ञानावर उभा राहत आहे. तिथे बोईसर आणि बिलिमोऱ्याला थांबणाऱ्या गाडीलाही वेगवान गाडीइतकीच जपणूक मिळावी, असे मला तेव्हा मनापासून वाटले. शिन-फुजीला फुजी पायथ्यापुरताच दिसला, वर ढग होते. आई तरीही पाच मिनिटे त्याच्याकडे पाहत राहिली, आणि या वेळी तिच्यासमोर कोणाचे डोके नव्हते.

निघाल्यापासून ती फलाटावरच्या रोमन अक्षरांतल्या पाट्या वाचून प्रत्येक स्थानकाचे नाव आपल्या छोट्या वहीत मराठीत लिहीत होती. टोकियोला उतरण्याआधी तिने यादी मोजली, तर सोळाच नावे भरली. नागोया आणि तोयोहाशीच्या मधले एक राहिले होते, तेव्हा आम्ही जेवत होतो. मी ते शोधून तिला सांगितले, आणि तिने दोन ओळींच्या मधल्या अरुंद जागेत बारीक अक्षरात लिहिले: मिकावा-आंजो.