रेडॉन बाहेर जातो, त्याची पिलावळ राहते

रेडिओॲक्टिव्ह गॅस म्हटलं की मला आपला हिरवा धूर आणि सायरन आठवायचा. रेडॉनला रंगही नाही आणि वासही नाही, जमिनीतलं युरेनियम तुटत तुटत रेडियम होतं, त्यातून हा गॅस सुटतो आणि फरशीच्या फटीतून गपचूप घरात शिरतो.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. रेडॉन जवळपास कशाशीच रिॲक्ट होत नाही, त्यामुळे ओढलेला श्वास सोडला की तोही बहुतेक बाहेर. मग बिघडतं कुठे? तर हवेतच तो तुटतो आणि त्याचं पोलोनियम होतं, म्हणजे गॅसचा चक्क धातू, हे मी दोनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं. हे कण धुळीला चिकटतात, धूळ श्वासनलिकेला चिकटते आणि पोलोनियम २१८ तर तीनेक मिनिटांतच अर्धं संपतं, म्हणजे ते बाहेर पडायच्या आत तिथेच फुटतं. त्यातून निघणारा अल्फा कण साध्या कागदानेही अडतो, कातडीवर मेलेल्या पेशींचा थर असतो म्हणून बाहेरून काही होत नाही, पण श्वासनलिकेत असं चिलखतच नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी अंतरात तो सगळी एनर्जी ओततो आणि वाटेतल्या पेशींचा डीएनए तोडतो, कधी दोन्ही धागे एकदम.

आणि कळत काहीच नाही!! खोकला नाही, चक्कर नाही, डोकं दुखणं नाही. कित्येक वर्षांनी फुफ्फुसाचा कॅन्सर, बस. सिगारेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी पट जास्त, तिथे दोघं मिळून काम करतात.

जर्मनीतल्या श्नीबर्गचे खाणकामगार छातीच्या रोगाने मरायचे, तो फुफ्फुसाचा कॅन्सर आहे हे १८७९ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा रेडॉनचा शोधही लागला नव्हता.

घरातलं प्रकरण गाजलं ते १९८४ मध्ये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रावर स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनिअर गेला की रेडिएशनचा अलार्म वाजायचा. शोधाशोध केली तर प्लांट निर्दोष, माणूस घरूनच ते अंगावर घेऊन येत होता! घरात रेडॉन निघाला एका घनमीटरला साधारण १ लाख बेकरेल (म्हणजे दर सेकंदाला तेवढे अणू तुटतात). जागतिक आरोग्य संघटना आज म्हणते १०० च्या आत ठेवा.

उपाय अगदीच साधा निघाला, मला तर जरा हसूच आलं. आधी डिटेक्टर ठेवून मोजायचं, आकडा जास्त आला तर फरशीखाली पाइप घालायचा, वर एक पंखा बसवायचा आणि गॅस घरात यायच्या आधीच छपरावरून सोडून द्यायचा, बाहेरच्या हवेत तो पातळ होऊन जातो.