नवा सर्चलाइट: आकडे, तापमान आणि स्पिल कापणारं नळकांडं

नवा सर्चलाइट हाताळायला लागल्यापासून आकडे, निरीक्षणं आणि एक घरी केलेली जोडणी असं बरंच साचलंय. ते सगळं इथे मांडतो. घाईत असाल तर एवढंच वाचा: लांबचं नीट दिसायला हवं असेल तर आधी जवळचा उजेड, म्हणजे स्पिल, काढून टाकावा लागतो. ही गोष्ट मी पूर्वीही वाचली होती, पण या दिव्याने ती डोळ्यांना दाखवून दिली.

दिव्याचं डोकं साधारण १०० मिमी व्यासाचं आहे. आत खोल, गुळगुळीत रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड पुढे परतवणारी चकचकीत वाटी. मध्यभागी ल्युमिनस कंपनीचा एसबीटी-९०.२ एलईडी. मागच्या दांड्यात २१७०० मापाच्या चार सेलचा पॅक, म्हणजे ५००० एमएएचचे सेल धरले तर साधारण ७२ वॉट-तास. वर हँडल आणि खाली ट्रायपॉडचे आटे. खोक्यावर ५००० लुमेन आणि २००० मीटर असं छापलंय.

आपल्यातल्या नव्या लोकांसाठी थोडं खोलात जातो, कारण दिवा निवडताना मी लुमेनकडे जवळजवळ पाहिलंच नाही. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती एकवटलाय. झोत किती लांब जाईल हे कँडेलावर ठरतं, आणि कँडेला ठरतात दोन गोष्टींवर: एलईडीच्या पृष्ठभागाचा दर चौरस मिलिमीटरमागचा झळाळ, आणि समोरून दिसणारं रिफ्लेक्टरचं क्षेत्रफळ. एसबीटी-९०.२ चा उजेड देणारा पृष्ठभाग अवघा ९ चौ. मिमी आहे आणि त्यातून हजारो लुमेन निघतात, म्हणून तो थ्रोवाल्यांचा, म्हणजे लांब झोताच्या शौकिनांचा, लाडका. त्याच डोक्यात डझनभर एलईडी बसवले तर लुमेन वाढतील, पण प्रत्येकाच्या वाट्याला रिफ्लेक्टरचा लहानसा तुकडा येईल आणि झोत आखूड होईल. उलट रिफ्लेक्टरचा व्यास दुप्पट केला तर कँडेला चौपट होतात आणि पल्ला दुप्पट. म्हणून या छंदात शेवटी सगळे मोठ्या डोक्याच्या दिव्यांकडे वळतात.

सेल भरण्याआधी मी फोकस तपासला. पद्धत सोपी आहे: दिवा बंद ठेवून टेबलावर उभा करायचा, काही मीटर मागे जायचं आणि बरोबर समोरून वाटीत पाहायचं. एलईडी रिफ्लेक्टरच्या नाभीवर नेमका असेल तर अख्खी वाटी त्याच्या फॉस्फरच्या (एलईडीवरच्या पिवळ्या थराच्या) रंगाने भरलेली दिसते. कुठे राखाडी कडं दिसलं तर तेवढा भाग झोताला उपयोगी पडत नाही. माझ्या दिव्यात काठाजवळ, डाव्या अंगाला, नखाएवढी राखाडी कोर होती. डोकं सैल करून पुन्हा आवळलं, एलईडीला मधोमध धरणारी पांढरी चकती जागेवर बसली आणि कोर गेली. आट्यांवरची ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) कोरडी होती, तिला सिलिकॉन ग्रीस लावून घेतलं.

आता मोजमाप. लक्समीटर, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारं यंत्र, २५ मीटरवर ठेवला, दिवा ट्रायपॉडवर, झोताचा सर्वांत उजळ भाग मीटरच्या पांढऱ्या घुमटावर. लक्सला अंतराच्या वर्गाने गुणलं की कँडेला मिळतात. लावल्या क्षणी १४८० लक्स आले, म्हणजे ९,२५,००० कँडेला. ३० सेकंदांनी १३१० लक्स, म्हणजे सुमारे ८,१९,००० कँडेला. एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेचं टॉर्चसाठीचं एफएल-१ हे मानक २००९ साली आलं. त्याप्रमाणे लुमेन मोजायचे ते दिवा लावून अर्धा मिनिट झाल्यावर, म्हणून मी दुसरा आकडा धरतो. पल्ला काढायला कँडेलाचं वर्गमूळ घेऊन दुप्पट करायचं: १८१० मीटर. खोक्यावरच्या २००० मीटरसाठी १० लाख कँडेला लागतात. हा फरक मला चालण्यासारखा वाटतो. कागदावर १८ टक्के कमी असलं तरी डोळ्यांना ते कळत नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. हेच माप ५ मीटरवर घेतलं तर हिशेबाने ६,६०,००० कँडेलाच येतात. मोठ्या रिफ्लेक्टरचा झोत इतक्या जवळ पुरता तयार झालेला नसतो. वाटीच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे किरण अजून एकमेकांवर आलेले नसतात, आणि मध्ये फिकट भोक असलेलं कडं दिसतं. भिंतीवर झोत टाकून नाराज होण्याआधी दिवा मोकळ्यावर न्यायला हवा.

मला सगळ्यात जास्त रस होता तो टर्बो, म्हणजे दिव्याचा सर्वांत प्रखर मोड, किती टिकतो यात. दिव्याला दिलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत जातो. ती एलईडीखालच्या तांब्याच्या पट्टीतून अंगाच्या पंखांपर्यंत (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांपर्यंत) पोचते आणि तिथून हवेत जाते. वारा नसेल तर पंख तापतात, आतला सेन्सर ते ओळखतो आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, करंट उतरवतो. माझ्याकडे तिसऱ्या मिनिटाच्या आसपास डोक्याचं तापमान ५० अंशांपुढे गेलं आणि लक्स १३१० वरून सावकाश ६४० वर आले. तिथे ते स्थिर राहिले. चालू पंख्यासमोर ठेवल्यावर ही उतरण बरीच पुढे ढकलली गेली.

उजेड निम्म्यावर आला हे ऐकायला वाईट वाटतं. पण पल्ला वर्गमुळाने चालतो. ६४० लक्सचे ४ लाख कँडेला आणि त्याचे १२६५ मीटर, म्हणजे निम्मा उजेड जाऊनही पल्ला ७० टक्के राहतो. शिवाय डोळा उजेडातला फरक प्रमाणात मोजतो, त्यामुळे सावकाश झालेली निम्मी घट शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या लक्षातही आली नव्हती. तेव्हापासून मी टर्बो फक्त काहीतरी हेरायला क्षणभर लावतो आणि एरवी त्याच्या खालचा मोड वापरतो. सेल वाचतात, दांडा हातात धरवतो.

पल्ल्याच्या आकड्याचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. मानकात पल्ला म्हणजे जिथे झोताचा उजेड ०.२५ लक्स उरतो ते अंतर. स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच तो. चांदण्यात पायाखालचा दगड दिसतो, पण १८०० मीटरवरचा दगड चांदण्यात कोणाला दिसणार? लांब गेलं की उजेड कमी होतो आणि वस्तूही डोळ्याला बारीक होते, दोन्ही एकदम. म्हणून मी पल्ल्याला तीनने भागतो. तिथे उजेड नऊपट असतो, २.२५ लक्स, आणि झाडाच्या फांद्या वेगळ्या ओळखू येतात. या दिव्यासाठी ते अंतर ६०० मीटर. दुर्बीण डोळ्याला लावली की उजेड तेवढाच राहतो पण वस्तू मोठी होते, आणि मग ९०० मीटरपर्यंतही बघण्यात अर्थ असतो. ७×५० ची दुर्बीण यासाठी फार छान. ५० मिमीची भिंगं आणि ७ पट मोठेपणा यांतून ७ मिमीचा प्रकाशगोल बाहेर पडतो आणि अंधारात विस्फारलेल्या बाहुलीत तो पुरता मावतो.

आणि इथेच घोडं अडलं होतं. दिव्याचा झोत ६०० मीटरवरच्या झाडांच्या रांगेवर पडलाय हे कळत होतं, पण ती रांग धूसर दिसायची. तीच झाडं मी दिव्यापासून बाजूला, अंधारात उभा राहून मित्राला झोत टाकायला सांगून पाहिली, तेव्हा खोडंसुद्धा दिसली. म्हणजे झाडांवर उजेड पुरेसा होता, कमी पडत होता माझा डोळा.

कारण स्पिल. एलईडी समोर सगळीकडे उजेड फेकतो. त्यातला जो रिफ्लेक्टरला लागतो तो झोतात जातो, आणि जो रिफ्लेक्टरला न शिवता थेट तोंडातून निघतो तो स्पिल. माझ्या दिव्यात हा थेट शंकू सुमारे ६० अंशांचा आहे. लँबर्टच्या कोसाइन नियमाने हिशेब केला तर एलईडीच्या एकूण उजेडाचा चौथा हिस्सा या शंकूत जातो. हजाराहून जास्त लुमेन! ते पायाशी, गवतावर, जवळच्या झुडपांवर आणि हवेतल्या धुळीवर पडतात. बाहुली आकसते, रात्रीची नजर बसायला लागणारी वीस-तीस मिनिटं वाया जातात, आणि डोळ्यांसमोर एक पांढुरका पडदा उभा राहतो. त्या पडद्यापलीकडची मंद झाडं डोळा कशी वेचणार?

म्हणून नळकांडं केलं. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा गोल वळवून, ११० मिमी व्यास, डोक्यापुढे १५० मिमी लांब. व्यास डोक्यापेक्षा थोडा मोठा ठेवलाय, कारण झोतही किंचित पसरत जातो आणि नेमक्या मापाचं नळकांडं त्याच्या कडा खातं. आतून काळा फेल्ट चिकटवला. नुसता काळा रंग दिला तर तिरप्या कोनातून तो चकाकतो आणि नळकांड्याच्या आतल्या भिंतीच उजळून निघतात. फेल्टचे तंतू तो उजेड गिळतात. पुठ्ठा मुद्दाम टाळला: या दिव्यांच्या काचेजवळ काळी वस्तू धरली तर ती करपू शकते. फेल्टही काचेपासून दोन बोटं पुढे सुरू केलाय, आणि पत्रा डोक्याला तीन रबरी ठोकळ्यांवर टेकतो, त्यामुळे पंखांची हवा अडत नाही.

एलईडीपासून नळकांड्याच्या तोंडापर्यंत आता साधारण २३७ मिमी अंतर होतं, म्हणून थेट उजेडाचा शंकू ६० अंशांवरून २६ वर आला. स्पिलमधला वाटा २५ टक्क्यांवरून ५ च्या आसपास. मधला लक्स पुन्हा मोजला: १३०५, म्हणजे जसाच्या तसा. पहिल्यांदा लावून पाहिलं तेव्हा पायाखालचं गवत नाहीसं झालं आणि समोर, दूर, झाडांची रांग अलगद पुढे आल्यासारखी वाटली. एका झाडाची फांदी मोडून लोंबत होती. इतक्या वेळा त्याच रांगेवर झोत टाकला होता, पण ती कधी दिसली नव्हती.

याच्या जोडीला दिवा डोळ्यापासून दूर ठेवणं. झोत डोळ्याच्या रेषेत असला की धूळ आणि बाष्पावरून परतणारा उजेड सरळ डोळ्यांत येतो. खांद्याजवळ धरण्यापेक्षा हात खाली सोडून कमरेखाली धरलेला बरा, आणि ट्रायपॉडवर लावून आपण तीन-चार मीटर बाजूला उभं राहणं सगळ्यांत उत्तम. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ६० इंची कार्बन आर्क सर्चलाइटचं नियंत्रण केंद्र दिव्यापासून चांगलं लांब ठेवता येत असे, आणि झोताच्या झगमगाटाबाहेरून पाहता येणं हा त्याचा मोठा फायदा होता. मी हँडलला बांधलेल्या लांब काठीने दिवा फिरवतो, एवढाच फरक.

पिवळ्या फिल्टरबद्दल बरेच जण विचारतात. स्वच्छ हवेत निळा उजेड जास्त विखुरतो, त्यामुळे पिवळसर झोताचा पडदा थोडा कमी जाणवतो हे खरं. धुक्यात मात्र मला काहीच फायदा दिसला नाही, आणि त्याला कारण आहे: धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. फिल्टरने फक्त उजेड कमी होतो. धुक्यात नळकांडं आणि बाजूला उभं राहणं, हेच दोन उपाय.

माझ्याकडचा जुना एलईपी दिवा शेजारी लावून पाहिला. त्यात निळा लेझर फॉस्फरच्या ठिपक्यावर पडतो आणि तो ठिपका भिंगातून बाहेर फेकला जातो. स्पिल जवळपास शून्य, झोत साधारण एक अंशाचा. ५०० मीटरवर त्याचं वर्तुळ जेमतेम ९ मीटरचं होतं. नव्या दिव्याचा मधला झोत तीन अंशांचा आहे, त्याच अंतरावर २६ मीटर. नेमकी जागा माहीत असेल तर एलईपी छान, शोधायचं असेल तर तो फार चिंचोळा पडतो. नळकांडं लावलेला नवा दिवा मला दोन्हींच्या मधली बरोबर जागा वाटते.

इतक्या ताकदीचा झोत विमानांकडे, रस्त्यावरच्या वाहनांकडे किंवा कुणाच्या घराकडे जाता कामा नये. विमानावर प्रकाशझोत टाकणं अनेक देशांत गुन्हा आहे. झाडावर पक्षी बसलेले दिसले की मी झोत लगेच दुसरीकडे वळवतो. त्यांची झोप मोडायचा आपल्याला काही अधिकार नाही. आणि सुरुवातीला एकदा तरी दिवा हातात देताना मित्रांना सांगा, काचेत पाहू नका, अगदी खालच्या मोडमध्येही.

पुढे दोन कामं आहेत. नळकांड्यात मधोमध दोन पातळ कडी बसवायची, म्हणजे काठावरून उडणारा उरलासुरला उजेडही अडेल. त्यांचा आतला व्यास १०६ मिमी धरलाय, झोताला धक्का लागणार नाही असा. आणि थंड, वाऱ्याच्या रात्री टर्बोचा पूर्ण आलेख दर अर्ध्या मिनिटाला नोंदवायचा. एसबीटी-९०.२ च्या दिव्यावर असं नळकांडं कुणी आधी लावलं असेल तर त्याची लांबी आणि आतलं अस्तर नक्की कळवा. १५० मिमीच्या पुढे गेल्यावर पुढचा तोल किती बिघडतो, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.